एक, तीन, चार, दोन

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एकतीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. चार नंबरची फाइल तीनच्या आधी दिसली की त्यांना दिवसभर चैन पडत नसे. कचेरीतले लोक त्यांना पाठीमागे ‘अनुक्रमणिका’ म्हणत. ताई तोंडावर म्हणे.

निवृत्तीनंतर हा सोस घरावर उतरला. स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर पडले आणि प्रत्येक दुरुस्ती एका लांबलचक रजिस्टरात चढू लागली. ‘मिक्सरच्या झाकणाचे रबर बदलले. कारण : पत्नीचा हलगर्जीपणा.’ ताईनं शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ‘अमान्य.’

त्यांची जुनी निळी गाडी तीन महिने घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत बंद पडून होती. ताईचा त्या खोलीवर डोळा होता. तिचं शिलाई मशीन पलंगाला खेटून होतं. भाऊजी झोपेत कुशीवर वळले की त्यांची नडगी मशीनवर आपटे आणि दोघंही जागी होत. शेवटी ताईनं मुदत दिली.

“रविवारी बारापर्यंत सुरू झाली तर ठेवा. नाहीतर भंगारवाल्याला बोलावलंय मी.”

भाऊजींचा चेहरा उतरला. जन्मात कुणालाही न विचारता त्यांनी घेतलेली ती एकच वस्तू होती.

मेकॅनिक येऊन बघून गेला होता. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला तडा गेलाय, कॅप आणि आतला रोटर बदलायला हवा, म्हणाला. भाऊजींनी दोन्ही आणली, पण त्याला परत बोलावलं नाही. “झाकण तर बदलायचंय!”

रविवारी सकाळी मला टॉर्च धरायला उभं केलं.

“हे बघ,” भाऊजी इंजिनावर ओणवे होत म्हणाले, “आत हा रोटर गरगर फिरतो आणि या चार वायरींतून चार प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटतो.” त्यांनी प्रत्येक वायरीला तिच्या प्लगच्या नंबराची चिठ्ठी चिकटवली. मग कॅपकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. “कुठल्या गाढवानं लावल्यात या? गोल फिरत गेलं तर एक, मग तीन, मग चार, मग दोन!”

“भाऊजी, तशाच लावायच्या असतील.”

“तू टॉर्च धर.”

आधी रजिस्टरात नोंद झाली. मग चारही वायरी निघाल्या, रोटर बदलला, नवी कॅप बसली आणि वायरी लागल्या एक, दोन, तीन, चार. भाऊजींनी मागे सरून त्या रांगेकडे मायेनं पाहिलं आणि किल्ली फिरवली.

इंजिन खोकलं. मागून ‘फाट्’ असा बार निघाला. भिंतीवरचं मांजर जे पळालं ते संध्याकाळपर्यंत दिसलं नाही.

सहा वेळा किल्ली फिरली, सहा वेळा तेच. साडेअकराला भंगारवाला दोर खांद्यावर टाकून हजर.

“काका, टायर चांगलेत हो.”

“हात लावू नकोस!”

“त्याला बसू द्या,” चहा आणत ताई म्हणाली. “बाराला अवकाश आहे अजून.”

भाऊजी तडा गेलेली जुनी कॅप हातात घेऊन स्टुलावर बसले. ताईनं रजिस्टर उचललं. “या खेपेला कुणाचा हलगर्जीपणा, बघू तरी.” आणि मोठ्यानं वाचायला लागली, “‘आधीच्या कारागिराची चूक : वायरी १, ३, ४, २ अशा होत्या. क्रम दुरुस्त...’”

ती मध्येच थांबली. बाराला दहा कमी होते. खोलीच्या खिडकीखाली गाडीनं अडवलेल्या जागेवरून तिची नजर सावकाश फिरली; मशीन तिथं अगदी बेतात बसलं असतं. रजिस्टर मिटलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं. मग तिनं स्टुलाकडे पाहिलं.

“अहो, त्या कारागिराच्या चुकीनं गाडी किती वर्षं चालली?”

“अठरा.”

“आणि तुमच्या दुरुस्तीनं?”

भंगारवाल्याला चहाचा ठसका लागला.

भाऊजी उठले. उलट्या चपला घालायला लावल्यासारखं तोंड करून त्यांनी वायरी पुन्हा लावल्या. एक. तीन. चार. दोनशी हात क्षणभर अडखळला. किल्ली फिरली आणि गाडी अशी सुरू झाली की पत्रा थरथरला.

“बघितलंस?” भाऊजी ओरडले.

“बघितलं. आता काढा बाहेर आणि फाटकाशी उभी करा. चालत्या गाडीला खोली कशाला?”

भाऊजींनी गाडी फाटकाशी नेऊन उभी केली. दोर आणलाच होता, म्हणून भंगारवाल्यानं मशीन बांधून खिडकीखाली नेऊन दिलं.

संध्याकाळी मी रजिस्टर चाळलं. ‘कॅप व रोटर बदलले. क्रम : १, ३, ४, २. कारण : समजले नाही.’

शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मान्य.’