कोड्यात हरलेली सगुणाबाई

आमची मोठी जाऊ सगुणाबाई परवा गेली. निफाडकडं तिला सगळ्या कोड्यावाली म्हणायच्या. कांदा, जातं, सुई, जे दिसंल त्याचं कोडं करायची. कांदे लावताना एकमेकीला कोडं घालायचं आन् हरली तिनं दुसरीचा वाफा लावून द्यायचा, असा आमच्या टोळीचा नेम होता. सगुणाबाई कधी हरली नाय.

ऐंशी साली मला सहावा महिना होता. वाकणं होत नव्हतं. जी मागं पडायची तिला मुकादमीण भिमाबाई दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायची नाय. मी रडकुंडीला आले.

सगुणाबाई म्हणली, "घाल गं मला कोडं."

मी घातलं, "उन्हात संगं चालती, अंधार पडला का पळती." सावलीचं कोडं. तिनंच मला शिकवलेलं.

"नाय बाई येत. हरले."

भिमाबाई हसली, "काय सगुणे, डोकं घरी ठिवून आली का?"

"डोक्याला बी सुट्टी पायजे ना," म्हणत तिनं माझा वाफा लावला.

लागण संपेपर्यंत ती रोज हरली. बाया रोज खिदळायच्या. मला कोणी काढलं नाय. आन् उत्तर येत होतं, हे तिनं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाय.