किमया ओनो आणि मामाची पोपटी

किमयाचा बाप तेत्सुओ ओनो डोलवीकडच्या एका कारखान्यात मशीन बसवायला जपानहून आला. मशीन बसलं, पण माणूस काही परत गेला नाही. पेणच्या खाडीकाठच्या वैशालीशी लग्न करून तिच्याच गावात राहिला. सहा महिन्यांत पळतोय बघा, असं वैशालीचा भाऊ नाथा पारावर बसून सांगायचा. ओनो पळाला नाही आणि नाथाचं तोंडही थांबलं नाही.

लेक झाली ती बापाच्या डोळ्यांची. शाळेत पोरं तिला चिनी म्हणून चिडवायची. तिनं एकाचं नाक फोडलं, तेव्हा त्याचा चुलता काळुराम भांडायला आला. हा धाटावच्या कारखान्यात शिफ्ट करायचा आणि उरलेल्या वेळात रोह्यात बॉक्सिंग शिकवायचा. पोरीच्या ठोशाची हकीकत ऐकून तो भांडण विसरला आणि तिला शिकवायलाच लागला. पुढे अठ्ठेचाळीस किलोच्या गटात ती दोनदा राज्यविजेती झाली, आणि गावाला साक्षात्कार झाला की पोरगी आपली हाय.

याच नाथामामानं स्वतःच्या लेकीच्या, दिशाच्या लग्नात हिला करवली होऊ दिलं नव्हतं, फोटोत बरं दिसत नाय म्हणून. आता नाक्यावर बॅनर लागला, 'आमच्या मातीची वाघीण'. त्यावर वाघीण अंगठ्याएवढी आणि मामा गॉगल लावून पुरुषभर. जनाची नाही तर मनाची तरी असावी, पण सांगणार कोण?

यंदा राज्य स्पर्धा रोह्यालाच भरली. ही जिंकली की राष्ट्रीय शिबिरात निवड पक्की, इतक्या वर्षांच्या घामाचं चीज. सकाळी वजन, मग लढत. किमया काळुरामच्या घरी उतरली होती. वजन काठावर हाय, नुसतं मुगाचं कढण घे, पाणी घोटघोट पी, असं बजावून तो शिफ्टला गेला.

तो गेला आणि मामा गाडी घेऊन हजर. वालाच्या शेंगांचे दिवस, उद्या भाचीची लढत, मग आज पोपटी नको? तिला गावी नेलं, तिथं शेतात मडकं उलटं घालून जाळ केला होता. आत भांबुर्डीच्या पाल्यात शेंगा, अंडी, कोंबडी. गाव मिठागरवाल्यांचं, हात मिठाला मुळातच सैल, त्यात सत्काराचा उत्साह.

किमयानं समजावून सांगितलं, उद्या वजन हाय. बायका हसल्या. मालूकाकी शेजारणीला म्हणाली, "जपान्याची ती. तिला आपलं कुठलं उतरतंय गो?"

नाकावर बसलेल्या ठोशानं जी डगमगत नव्हती, तिला हे लागलं. जन्मात पहिल्यांदा गावानं तिला मधोमध बसवलं होतं, आणि ती जागा तिला हवी होती, फार हवी होती. ती जेवली. शेंगा झाल्या, कोंबडी झाली, वर तांदळाची भाकरी आली. मिठानं घसा सुकला, तेव्हा तांब्यावर तांब्या पाणी प्यायली. मामानं तर तिला स्वतःच्या हातानं तंगडी भरवली, मोबाइलकडे बघत.

सकाळी काट्यावर सातशे ग्रॅम जास्त भरले. थोडी मुदत मिळाली. दोन जॅकेटं चढवून ती मैदानाभोवती धावली, दोरीवर उड्या मारल्या, घशात बोटं घातली. वजन पुरेसं उतरलं नाही. नाव कटलं आणि समोरची पोरगी न लढताच पुढे गेली. शिफ्ट सुटून तसाच आलेला काळुराम भिंतीला टेकून खाली बसला.

बाहेर गाव ढोल घेऊन उभं. मामानं पंचांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मागून कुणीतरी म्हणालं, शेवटी जपानीच रक्त, आयत्या वेळी कच खाल्ली. कालची वाघीण दुपारच्या आत परदेशी झाली.

किमया मामासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, रिंगमध्ये मला आजवर कुणी पाडलं नाय. तुम्ही जेवायला बसवून पाडलंत."

नाथानं ढोलवाल्यांना थांबायची खूण केली, इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाला, "सकाळपासून उपाशी हायस गो. चल, आधी काहीतरी खाऊन घे."