देवांना क्वार्टर मिळायच्या आधी

आज भिलाईत कोणाकडे पाहुणे आले आणि त्यांना देवदर्शनाला न्यायचं म्हटलं, की आधी कुठं न्यावं हाच प्रश्न पडतो. ज्या सेक्टरला जावं तिथं देऊळ, गुरुद्वारा, चर्च, मशीद, काही ना काही आहेच. मला मात्र ते दिवस आठवतात, जेव्हा कारखाना अर्धा उभा होता आणि माणसांसारखे देवही वेटिंग लिस्टवर होते. कोणाचा देव टिनाच्या शेडमध्ये, कोणाचा ताडपत्रीखाली. आमचे देव स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी.

आम्ही बायका तेव्हा ट्रिपा काढायचो. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, सगळ्यांच्या देवांना भेटून यायचं. पुढं पुढं आमचा त्यात चांगला हात बसला. पण पहिली ट्रिप निघाली तिची गोष्ट वेगळी. तीत माझा जीव अडकला होता.

मला सातवा लागला होता. त्याआधीचं एक बाळ सासरच्या गावी दगावलं. वऱ्हाडातलं आडवळणाचं गाव, तालुक्याहून डॉक्टर येईस्तोवर सगळं आटोपलं होतं. म्हणून या खेपेस बाळंतपण भिलाईतच करायचं, दवाखाना जवळ आहे, असं आम्ही नवरा-बायकोनं पक्कं केलं. पण मला आई नाही, मी लहान असतानाच गेली ती. घरात दुसरं बाईमाणूस नाही, आणि यांची शिफ्ट. मग सासूबाईंना बोलावून घेतलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या आल्या, डिंकाचे लाडू करून आल्या, माझे पाय पाहिले, पोट पाहिलं. आठवडाभर राहिल्या आणि एका सकाळी म्हणाल्या, "मी काही अथी राहत नाही बाप्पा. तूही चाल माह्यासंगं गावाले."

"कावून आत्याबाई? काय कमी पडलं?"

"अवं, या गावाले गावदेवच नाही. वेशीवर मारुती नाही, झाडाखाली माय नाही. सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन तू कोणाच्या पाया पडशीन? त्या कारखान्याच्या चिमणीच्या?"

आता हे वाचणाऱ्या पोरींना हसू येईल. पण आमच्याकडे तसंच होतं. नव्या गावात राहायला गेलं की आधी गावदेवाला नारळ द्यायचा. मी आले बाबा, मला राहू दे, असं सांगायचं. तोवर आपण त्या गावचे पाहुणे. आणि बाळंतीण सव्वा महिन्यानं उंबऱ्याबाहेर पडते ती पहिल्यांदा त्याच देवाकडे, लेकरू त्याच्या पुढ्यात ठेवायला. आत्याबाईंचं म्हणणं एवढंच, की राखणदारच नाही अशा जागी त्या माझी जबाबदारी घेणार नाहीत. एक नातू गेला होता. त्या मला घाबरवत नव्हत्या, स्वतःच घाबरल्या होत्या. हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपली न्हाणीत जाऊन रडून आले.

आमच्या नात्यातला एक जण दुर्गला रेल्वेत गार्ड होता. आत्याबाईंचा तो लांबचा पुतण्या, पण सगळे त्याला भाऊ म्हणत. बुधवारी तो नागपूरकडे ड्यूटीवर जाणार होता, तिथून पुढं गावाला. त्याच्यासोबत जायचं त्यांनी ठरवूनही टाकलं.

शेजारच्या पंजाबी भाभीला मी हे सांगितलं. सांगितलं कसलं, तिनं माझे डोळे पाहूनच ओळखलं. मोठी धीराची बाई, आवाज असा की तीन क्वार्टर पलीकडे ऐकू जावा. म्हणाली, "माताजी को गाँव का देवता चाहिए न? चलो, ढूँढते हैं. एक न एक तो निकलेगा." पलीकडच्या तेलुगू अम्मानं मान डोलावली. तिला हिंदी अर्धंच यायचं, पण देवाचं काम म्हटलं की ती पुढं.

मग दोन दिवस आमच्या मागच्या अंगणात बैठक. हिचा गुरुद्वारा सुपेल्याकडे शेडमध्ये, तिची रामाची तसबीर मजुरांच्या कॅम्पात मांडवाखाली, बंगाली बाईंची काली कोणाच्या तरी क्वार्टरमध्ये. आधी कोणाकडे जायचं यावरून गोड भांडणं झाली. भाभी म्हणे, आमच्याकडे आधी चला, चहा मिळेल. अम्मा म्हणे, तसबिरीला सकाळचा हार असतो तोवर जायला हवं. आत्याबाई कोपऱ्यात मेथी निवडत सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दुर्गले जुनी देवी हाय म्हनते. जुनं गाव, जुनी देवी. तिले विचारून पाहतो." झालं. शेवट दुर्गला, हे पक्कं. दुपारी गाभारा बंद व्हायच्या आत पोचायचं, हेही पक्कं. अम्माच्या नवऱ्यानं मुरूम वाहणारा एक ट्रक ठरवला, तो धुऊन, सतरंज्या टाकून मिळणार होता.

"कधी निघायचं?" कोणीतरी विचारलं.

"भोंगा झाला की," भाभी म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता आमची अक्कल पाहा. कारखान्याचा भोंगा दिवसातून किती वेळा व्हायचा! पण ज्या घराची जी पाळी, त्या घराचा तोच भोंगा. बाकीचे आमच्या कानाला लागतच नसत. आमचे हे जनरल शिफ्टला, म्हणून मी त्या भोंग्याच्या हिशेबानं डबा भरून, न्हाऊन तयार. भाभीचा नवरा सकाळपाळीत, म्हणजे तिचा भोंगा उजाडताना. आणि अम्माचा नवरा रात्रपाळीचा; तो घरी येऊन, जेवून झोपला की तिचा दिवस सुरू.

मी वेणी घालत होते तर भाभी दारात.

"अभी तक चोटी ही चल रही है? मैं सवेरे से ट्रक में बैठी हूँ! ड्रायवर तीन बार पूछ चुका, बीबीजी, अकेले जाना है क्या?"

"भोंगा आता तर झाला," मी म्हटलं.

"यह भोंगा? यह कौन सा भोंगा है?"

आणि अम्माच्या घरी अजून चुलीवर भात! आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एका गावात राहता अन् तुमची सकाळही एक नाही."

निघालो एकदाचे. मला पुढं ड्रायवरशेजारी बसवलं, पाठीला गोधडी. आत्याबाई माझ्या नि दाराच्या मध्ये, मांडीवर गावदेवाच्या नारळाची पिशवी. ट्रक खड्ड्यात गेला की त्या माझ्या पोटावर हात ठेवायच्या आणि ड्रायवरला दटावायच्या, "हळू चालव बाप्पा, मुरूम नाही भरला." सुपेल्याला शेडमध्ये आम्ही डोक्यावर पदर घेऊन बसलो, चहा झाला, शिरा झाला. भाभी नारळाकडे बोट दाखवून म्हणाली, "माताजी, यहीं चढ़ा दो." आत्याबाईंनी पिशवी जवळ ओढली. "नाही माय. तुह्या देवाले मी हात जोडले. हा गावदेवाचा हाय." कॅम्पात अम्माच्या रामापुढंही तेच. हार सुकला होता, म्हणून अम्मा जरा रुसली. उशीर झाला म्हणून बंगाली बाईंची काली राहूनच गेली.

दुर्गला पोचलो तर देवळाला कुलूप. देवी निजली होती. पुजारी म्हणाले, संध्याकाळी उघडेल. संध्याकाळपर्यंत कोण थांबणार? भाभीची पोरं शाळेतून यायची होती, सकाळपाळी सुटायची होती. सगळ्यांनी कुलपाला नमस्कार केला. भाभीचा चेहरा एवढासा झाला. "बाहर चौखट पर रख दो न, माताजी."

आत्याबाई कुलपाकडे पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ते दुर्गची देवी हाय. तिचं गाव तिले पुरते. ते कावून भिलाईच्या लेकरावर ध्यान ठेवन?" आणि माझ्याकडे न पाहता, "बुधवारी चालतो मग."

ट्रक परत फिरला. माझ्या पोटात बाळ फिरत होतं, आणि मी मनात त्याला सांगत होते की आता तू नि मीच.

ड्रायवरनं मागच्या रस्त्यानं गाडी घातली. रुआबांध्याजवळ इंजिन तापलं. तो डबा घेऊन तळ्याकडे पाण्याला गेला. रस्त्याकडेला पिंपळाखाली एक म्हातारी जागा सारवत होती. बुंध्याशी शेंदूर लावलेले दगड, मातीचे दोन घोडे. आत्याबाई उतरल्या. मला वाटलं, पाय मोकळे करायला. त्या सरळ म्हातारीजवळ जाऊन उकिडव्या बसल्या.

"हा कोणाचा देव, माय?"

म्हातारी छत्तीसगढीत बोलायची, आत्याबाई वऱ्हाडीत, पण दोघींचं अडलं नाही. म्हातारी म्हणाली, हा आमच्या गावचा ठाकुरदेव. गाव कारखान्यात गेलं. घरं उठली, शेतं गेली. ती आता लेकाकडे लांब राहते, आणि चालत येऊन सारवून जाते.

"मंग देवाले कावून नाही नेलं संगं?"

म्हातारी हसली. "देव ह कहाँ जाही, दाई? हमन चल देन, देव ह इहेंचे हावय."

म्हणजे, आम्ही निघून गेलो, देव इथंच आहे. आत्याबाई उठून ट्रकातली पिशवी घेऊन आल्या. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला. पण देवापुढं ठेवला नाही. दोन्ही हातांनी म्हातारीपुढं धरला.

"तुह्या गावात आमी येऊन बसलो, माय. तुले न विचारता. माह्या सुनेचं पोट पाहा. राहू का आमी अथी?"

म्हातारीनं सारवलेले हात लुगड्याला पुसले. नारळ घेतला, दगडावर फोडला, पाणी देवावर घातलं. एक भकल देवाला ठेवलं आणि दुसरं आत्याबाईंच्या पदरात टाकलं. मग ट्रकाजवळ येऊन वर माझ्याकडे बघत म्हणाली, "लइका होही त इहें ले आबे, बेटी." लेकरू झालं की इथंच घेऊन ये, म्हणे.

भाभी मागून रडत होती, आणि रडता रडता विचारत होती, "क्या कहा? कोई मुझे भी तो बताओ!" अम्मानं तिला तेलुगूत समजावलं. तिला ते कितपत कळलं, देव जाणे.

बुधवारी गार्डभाऊ घ्यायला आला, टोपी-बिपी घालून. आत्याबाई चुलीसमोर, जायची काहीच तयारी नाही.

"काकू, गाडी चुकन. चाला."

"तू जा. जावेले सांगजो, मी सुनेचं झाल्यावर येतो. अन् परत येताना माह्या खोलीतला पाटा-वरवंटा घेऊन ये. अथी हे सून लोखंडी खलबत्त्यात मसाला कुटते. बाळंतिणीचं वाटण असं होते काय?"

"पाटा? काकू, मी गार्ड हाव, हमाल नाही!"

"तुह्या डब्यात जागा असते ना? मंग आण."

आठवड्यानं तो पाटा सायकलच्या कॅरिअरवर बांधून आला, घामाघूम, बडबडत. आत्याबाईंनी मागच्या ओट्यावर जागा पाहिली, खाली वाळू घातली, पाटा बसवला आणि हातानं हलवून पाहिला.

"हलत नाही," त्या म्हणाल्या. "आता सुंठ आण, नि पाय लांब करून बस. सारखी उभी राहू नको."