आपल्याले काई मालूम नाई

आमच्या घरात मूल बोलायला लागलं की त्याला आधी गप्प बसायला शिकवतात. जंगलाचा गार्ड येवो, तलाठी येवो, पोलीस येवो, उत्तर एकच: "आपल्याले काई मालूम नाई." सरपण कुणी आणलं, मोहफुलं कुठे वाळत घातली, तळ्यात चोरून जाळं कुणी टाकलं, काही मालूम नाही. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात या एका वाक्यावर कितीतरी लोक वाचले. माझा बाप तर या विद्येत पंडित. लहानपणी मला त्याचं भारी कौतुक वाटायचं. आता संताप येतो.

माझी काडीमोड त्याच्याच समोर झाली. मुलगी तान्ही असताना नवरा गाडी चालवायला म्हणून भामरागडला गेला आणि तिकडे त्याने दुसरा संसार थाटला. तेव्हा आमच्या मासे मारणाऱ्या समाजाचे पंच तळ्याच्या पाळीवर बसले. त्यांच्यात माझा बाप सगळ्यांत वडील. धानाच्या तणसाची एक काडी घेतली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं, एक नवऱ्याच्या. ओढून मोडायला लावली. मग बापच म्हणाला, "पोरगी मायजवळ राहील. तिच्या पोटापाण्याचं बापानं पाहावं." नवऱ्याने मान हलवली, सगळ्यांनी चहा घेतला, आणि मी पोर कडेवर घेऊन माहेरी आले. मी सुटले असंच सगळे म्हणाले. आमच्याकडे काडी मोडली म्हणजे मोडली, त्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढतो?

पोटापाण्याचं पाहणं राहिलं बाजूला, त्याने पोरीला पुढे साधं झबलंही आणलं नाही. ती शाळेत जायला लागली, माझ्या मजुरीत भागेना, म्हणून मी पोटगी मागितली. त्यावर त्याने उलटा दावा ठोकला. बायको न सांगता घर सोडून गेली, जाताना पोर पळवून नेली, पोरीचा ताबा मला द्या. खरं कारण गावाला ठाऊक होतं: दुसरीला मूल होत नव्हतं. पोर तापाने फणफणली तेव्हा कधी आठवण आली नाही, आणि आता म्हणे बापाचं काळीज तुटत होतं.

माझ्या वकीलबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "कायद्यानं पाहिलं तर तुमचा घटस्फोट शाबीतच नाही," त्या म्हणाल्या. "समाजाची रीत कोर्ट मानतं, पण बैठकीत होते त्यांनी येऊन सांगितलं पाहिजे. पोर तेव्हा कुणाकडे दिली तेही त्यांनीच सांगायचं. आणि मुलगी आता समजदार आहे, जजसाहेब तिलाही विचारतील. तिच्या बोलण्याला वजन राहील."

मी पंचांच्या दारोदार फिरले. एकाचे गुडघे दुखत होते, एकाच्या घरी लग्न निघालं होतं. जातपंचायत भरवली म्हणून आपल्यालाच आत टाकतील, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. वकीलबाईंनी समजावलं की कुणाला वाळीत टाकलं तर तो गुन्हा, नुसती काडी मोडली तर नाही. कुणाला पटलं नाही. शेवटी बाप म्हणाला, "मी येतो. माही पोर आहे."

चंद्रपूरच्या एसटीत माझी मुलगी त्याच्या मांडीवर बसली होती. आजा तिच्या कानात काहीतरी सांगत होता, ती मान डोलवत होती. मला वाटलं, वाघाची गोष्ट चालली असेल. कितीतरी दिवसांनी मला जरा बरं वाटलं.

बाप साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिल्यावर नवऱ्याच्या वकिलाने त्याला विचारलं, "तुम्ही जातपंचायत भरवता काय?" बापाने दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाकडे पाहिलं.

"आपल्याले काई मालूम नाई."

वकीलबाईंनी पुन्हा, अगदी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, काडी मोडली तेव्हा तुम्ही होते ना?"

"कोणती काडी? आमी तं पाळीवर जाळं शिवत होतो."

ओरडावंसं वाटलं, पण तोंडातून शब्द फुटला नाही. मीही त्याच घरातली. बाहेर व्हरांड्यात मी त्याला धरलं. "बा, काऊन असं केलं?"

"तुले नाई समजत. बोलाले लावते अन् फसवते हे लोक."

"माही पोर जाईल ना, बा."

तो तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिला. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की तो मेला तरी मी रडणार नाही, असं वाटलं.

तरी पोरगी होती अजून. घरी जिच्या तोंडाला विसावा नाही, झोपताना जिला माझ्या पदराचं टोक मुठीत लागतं, ती सांगेल. एवढं एकच तर सांगायचं होतं. साहेबांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. दार बंद झालं आणि मी भिंतीला टेकून सगळ्या देवांची नावं घेतली.

वकीलबाई आधी बाहेर आल्या. "साहेबांनी किती परीनं विचारलं," त्या म्हणाल्या. "आईजवळ राहतेस का, तर मान खाली. बापाकडे जातेस का, तरी मान खाली."

निकालात लिहिलं होतं की काडीमोड शाबीत झाली नाही, आणि वडिलांकडे जायला मुलीने हरकत घेतली नाही. आता ती भामरागडला शाळेत जाते. पावसाळ्यात नदी पुलावरून गेली की रस्ता बंद, फोनही लागत नाही, आणि मी इकडे वेड्यासारखी नुसता नंबर दाबत बसते.

पण त्या दिवशी दारातून बाहेर येताना ती हसत होती. माझ्याकडे आलीच नाही. धावत गेली ती आजाकडे, त्याचं बोट धरलं आणि म्हणाली, "आजा, मी काईच नाई बोलली. तू सांगतलं तशी, पक्की चूप राह्यली."

आजा शाबास म्हणेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.