रडण्यावरून भिंग निवडणारे चाचा

मूल जिन्यात रडू लागलं की आमचे फोटोवाले चाचा वर बसल्या बसल्या कॅमेऱ्याला कोणतं भिंग लावायचं ते ठरवत. सन छत्तीसच्या सुमारास दहीपुलाजवळ त्यांचा स्टुडिओ होता आणि समोर माझं पेढ्यांचं दुकान. "टाहो फोडणारं पोर थकून गप्प बसतं, शेठ. त्याला कुठलंही भिंग चालतं. मुसमुसणारं हलत राहतं, त्याला क्षणात टिपणारं चपळ भिंगच पाहिजे." त्यांचा कान इतका तयार, की पंचवटीत पोर रडलं तरी इकडे चाचांचा हात बरोबर कपाटाकडे जाई. मी स्वतः पाहिलंय. न पटलं तर माझे पेढे फुकट खा!

त्या चपळ भिंगाची एक खोड होती. डोळे लख्ख येत, कान मात्र धुरात गेल्यासारखे. एका वकिलीणबाईंनी फोटो परत आणला. "चाचा, आमच्या बाळाचे कान कुठायत?"

"नजर आली ना, बाईसाहेब? कान शाळेत मास्तर शोधून काढतील!"

साऱ्या नाशकाची पोरं हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची मुन्नी मात्र त्यांना पाहून किंचाळायची. बायको बाळंतपणात गेली, पोर मालेगावला मावशीकडे वाढली. ईदला तेवढी यायची. बाप तिला परकाच. चाचांना तिचा एक हसरा फोटो हवा होता. शेवटी त्यांनी मुंबईच्या एका फोटोवाल्याला चपळ भिंग देऊन लांबून टिपणारं घेतलं आणि चौकापलीकडे, वीस पावलांवर उभे राहिले. मी मुन्नीला दुकानात बसवून डोक्यावर पितळी पातेलं घालून नाचलो. निम्मं नाशिक गोळा झालं, कमी नाही! पोरगी खदखदली, फोटो उतरला. त्यात ती माझ्याकडे बघून हसत होती.

पुढच्या ईदला ती आपणहून चाचांकडे धावली. त्या भिंगाला इतक्या जवळचं टिपता येईना. चाचा दोन पावलं मागे सरकले, की ही दोन पावलं पुढे.

"अहो चाचा, मी धरतो तिला!"

"राहू द्या, शेठ." तिला कडेवर घेऊन ते दिवसभर हिंडले. फोटो काढलाच नाही.

मग मावशीचं बिऱ्हाड हैदराबादेला गेलं. यंदा येणं जमत नाही, असं पत्रही आलं. तरी त्या ईदला चाचा नवी शेरवानी घालून, कॅमेरा मांडून दारात बसले. मी शेजारी जाऊन बसलो. मला एकही थाप सुचेना.

ऊन उतरल्यावर त्यांनी कॅमेऱ्यावरचं काळं कापड काढून त्याची घडी केली.

"आज उजेड फार चांगला होता, शेठ."