ताडकळसचं दुसरं कपाट

परभणी स्टेशनात उतरले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं. ते आयुष्यभर पुण्यात तत्त्वज्ञान शिकवत राहिले, पण आपली सगळी पुस्तकं जन्मगावच्या, ताडकळसच्या वाचनालयाला द्यायची असं सांगून गेले. त्यातलं एक मी परत मागायला निघाले होते. बाबा वाचताना समासात पेन्सिलीने लिहीत. ते अक्षर मला घरात हवं होतं.

बाजाराचा दिवस असल्याने एसटी खचाखच भरलेली. शेजारच्या बाईने माझ्या पिशवीवर मेथीचं गाठोडं ठेवलं. "राहू द्या ताई, पाल्याचं काय वझं व्हतंय?" बाहेर काळ्या रानात ज्वारी निसवली होती (कणसं बाहेर पडली होती).

वाचनालयाच्या दारातच ग्रंथपाल मुंजाजीराव उभे होते. "सरांची लेक व्हय! या, या." मोठ्या कौतुकाने त्यांनी पहिलं कपाट उघडलं. मी एक पुस्तक काढलं, मग दुसरं. समास कोरे होते.

"दान आलेली पुस्तकं आमी आधी साफ करून घेतो, ताई. रबर झिजले पार."

मी जवळच्या स्टुलावर बसले.

कोपऱ्यात वाचत बसलेले निवृत्त शिक्षक केरबा गुरुजी म्हणाले, "पुढचं सांग की! ताई, सरांच्या एका ग्रंथाचा पहिला खंड मी पुसायच्या आधीच घरी नेलता. त्यात सर लेखकाशी लय भांडायले होते. दुसरा न्यायला आलो, तर ह्या पठ्ठ्यानं भांडणच पुसून टाकलेलं!"

"मग गुर्जी माझ्याशी भांडले," मुंजाजीराव ओशाळून हसले. "तवापासून रबर बंद."

दुसरं कपाट त्यांनी जरा भीतभीतच उघडलं. दाराला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. मला हवं असलेलं पुस्तक तिथेच सापडलं. माणूस क्षणोक्षणी बदलतो, या ओळीशेजारी बाबांनी विचारलं होतं, 'मग दुःख कोणाचं?' खाली वेगळ्या अक्षरात होतं, 'ज्याला झोप न्हाई त्याचं.' त्याखाली आणखी कुणीतरी, 'त्याच्या बायकोचं बी.'

मला हसू आलं. बाबांचं अक्षर बघून वर्षभरात पहिल्यांदाच.

"नियमात बसत न्हाई," मुंजाजीराव म्हणाले, "पण लोकं उत्तरं द्यायलेत. तुमी फोनवर म्हणला होता, एक पुस्तक न्यायचं हाय. हेच का?"

"हेच. पण राहू द्या इथेच."

दुपारी गुरुजींकडे भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) जेवले. गुरुजींच्या पत्नीने वाढता वाढता विचारलं, "सर घरी बी असेच भांडायचे का?"

"रोज."

"मग आमच्यावाणीच की!"

परतीच्या गाडीत वाटत राहिलं, मी बाबांचं अक्षर जपायला निघाले होते. बाबांना मात्र उलट बोलणारं कुणीतरी हवं असायचं. घरी आल्यावर त्यांच्या टेबलाचा खण उघडला. उरलेल्या सगळ्या पेन्सिली बांधून ताडकळसला पाठवल्या. खोडरबर तेवढा ठेवून घेतला.