रस्त्याकडची भिंत

वसमतहून कुरुंद्याकडं गाडीवाट निघते, तिथं गावाच्या अगदी कडेला दत्तोपंतांचं माळवदाचं घर होतं. दत्तोपंत तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. कुणाचा फेरफार, कुणाची बांधाची तक्रार, असे सगळे कागद त्यांच्या हातून जात. लोकांनी घरी येऊन आर्जवं करू नयेत म्हणून घर बांधतानाच त्यांनी रस्त्याकडची भिंत कोरी ठेवली. दार नाही, खिडकी नाही, साधा झरोकासुद्धा नाही. ये-जा सगळी बाजूच्या बोळातून. माणूस सरळ होता, कुणाच्या मिंधेपणात राहिला नाही. पण त्या सरळपणापायी त्यांच्या बायकोची, गंगूताईची, चोवीस वर्षं त्या भिंतीआड गेली.

ते होते तोवर तिला हे फारसं जाणवलं नाही. सकाळी पूजा, स्वयंपाक, कचेरीची वेळ, संध्याकाळी त्यांचा चहा, त्यांचं दोन-चार वाक्यांचं बोलणं, यात दिवस सरायचा. मूलबाळ नव्हतं. पस्तीस सालच्या पावसाळ्यात ते तापानं गेले. तेराव्यानंतर परभणीचे धाकटे दीर, सूर्यकांतराव, निघताना म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं चला म्हटलं असतं, पण आमचंच घर तुम्ही पाहिलंय." गंगूताईनं मान हलवली. घर तिनं पाहिलं होतं, ते चांगलं मोठं होतं.

मग ती एकटी राहिली. विधवेच्या लाल आलवणातली, सेहेचाळीस वर्षांची बाई. दिवेलागणीनंतर घरात तिचा स्वतःचा आवाज झाला तरी ती दचके. दुपारी ती रस्त्याकडच्या भिंतीला टेकून वाती वळत बसे, कारण तिकडून आवाज येत. बैलांच्या घुंगरांचे, हळदीच्या गाड्यांच्या आखांचे, बाजाराला निघालेल्या बायकांचे. बायका भराभर चालत, आणि त्यांच्या गोष्टींचा एवढासाच तुकडा भिंतीतून आत येई.

"…आन मंग ती सासरी गेलीच न्हाई, म्हन्ली मला काहून बोलावता, मी…"

एवढ्यात आवाज पुढं निघून जाई. ती बाई काय म्हणाली, ते गंगूताईला कधीच कळलं नाही. त्या एका वाक्यावर तिनं पंधरा दिवस काढले. कधी वाटे, नवरा मारत असेल. कधी वाटे, सवत आणली असेल. शेवटी तिला स्वतःचीच लाज वाटली. कुणाची कोण ती, आणि आपण तिच्यासाठी वाती वळायचं विसरतो.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिनं ठरवलं: या भिंतीला एक खिडकी पाडायची आणि खिडकीखाली बाहेरून ओटा घालायचा. उन्हातून आलेलं माणूस ओटा दिसला की टेकतं. टेकलं की बोलतं. आणि टेकलेल्या माणसाचं बोलणं अर्धं राहत नाही.

कचेरीच्या रद्दीत एका बाजूला उर्दू छापलेले आणि पाठीला कोरे असे कागद होते. त्यांच्या पाठीवर तिनं दौत-टाकानं भिंत काढली. खिडकी दीड हाताची, जमिनीपासून अडीच हातांवर. ओटा सहा हात लांब, दीड हात रुंद. उंचीवर मात्र ती अडली. फार उंच झाला तर म्हातारी माणसं चढायची नाहीत, बुटका झाला तर उठताना गुडघे धरतील. मग ती घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसून पाहू लागली. पाट, उलटं घमेलं, पिठाचा डबा, जात्याची खालची तळी. डब्यावर बरं वाटलं. डबा तिनं वितीनं मोजला आणि कागदावर लिहिलं: दोन विती, चार बोटं.

गवंडी बोळातून आला, भिंत ठोकून पाहिली आणि दारातच उभा राहिला.

"काम हाय, न्हाई म्हनत न्हाई," तो म्हणाला. "पर परभणीच्या रावसाहेबाला इचारा आदी. त्येंचा सांगावा येऊ द्या, मंग मी येतो."

"घर माझं आहे," गंगूताई म्हणाली.

"व्हय, तुमचंच हाय. पर बाप्या मानसाचा सबूद लागतो ना. उद्या माज्यावर बोल यायचा."

तिनं परभणीला कार्ड टाकलं. महिना गेला, उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं, त्याचंही आलं नाही. मग एका सकाळी तिनं आलवणाचा पदर खोचला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन भिंतीवर पहिला घाव घातला.

शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, गोजरबाई म्हणून एक कुणब्याची म्हातारी राहायची. तिनं हातातला चारा टाकला आणि धावत आली.

"अवो माय! काय करून राहिल्या तुमी?"

"खिडकी."

"खिडकी व्हय? आसं खालून फोडलं तर माळवद येईल डोस्क्यावर! आदी वर लाकूड बसवा. पयले आर्ध्या भिंतीत, भाइरून. मंग आतून. लाकडावर वजन आलं की मंग खालचं उकरा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माजं घर कोन बांदलं मंग? नवरा? त्यो खाटेवरून हुकूम सोडायचा."

गंगूताई हसली. वर्षभरात पहिल्यांदा हसली असेल. गालाला ताण पडल्यासारखं वाटलं.

लाकूड विकत आणायची गरज पडली नाही. दत्तोपंतांच्या दप्तरांची जाड सागवानी फळी होती. दप्तरं तिनं ट्रंकेत ठेवली आणि फळी मधोमध चिरली. दोन्ही तुकडे बसवायला सहा दिवस लागले. भिंत दीड हात जाडीची, पांढरीच्या मातीची. वर्षानुवर्षं बसून दगडासारखी झालेली. रोज वीतभर उकरायचं, माती घमेल्यात भरून बाजूला टाकायची. तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यावर हळद लावून तिनं काम चालू ठेवलं. रस्त्यानं जाणारे थबकत, बघत आणि पुढं जात. आलवणातली बामणाची बाई पहार चालवते आहे, याला काय म्हणावं ते त्यांना सुचत नसे. कुणी विचारलंच नाही. त्या तेवढ्या दिवसांत ती भर रस्त्यावर होती, आणि घरात होती त्याहून जास्त एकटी.

नवव्या दिवशी पहार आरपार गेली. भोकातून उन्हाचा एक कवडसा घरात पडला, थेट चुलीपाशी. गंगूताई आत जाऊन त्याच्याकडं पाहत उभी राहिली. मग तिला वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. गोजरबाई रानात गेली होती.

ओट्यासाठी उकरलेलीच माती वापरली. शेण आणि गव्हाचा भुसा घालून आठ दिवस भिजवली, मग पायांनी तुडवली. गोजरबाई काठावर बसून सांगे, "आजूक तुडवा, टाचंनं तुडवा." ओटा उभा राहिला, सारवला, भिंतीला खालून वर चुना दिला. जुनं घर नवरीसारखं नाही, पण आजारातून उठलेल्या माणसासारखं दिसू लागलं.

मात्र कागदावर सगळं काढताना एक गोष्ट राहून गेली होती. माळवदाची पन्हळ नेमकी त्याच बाजूला होती. आषाढात पाणी धो धो ओट्यावर पडलं आणि चार दिवसांत अर्धा ओटा रस्त्यावर वाहून गेला. गंगूताई खिडकीतून पाहत होती. तिला रडू आलं नाही. पन्हळ विसरणाऱ्या स्वतःचा राग आला. उघडीप पडताच तिनं शिडी लावली, पन्हळ काढून बोळाकडं बसवली, आणि ओटा पुन्हा घातला. या वेळी खाली ओढ्यातले दगड, वर माती. दगड तिनं पाटीतून एकेक करून एकटीनंच आणले, कारण गोजरबाई तोवर लेकीकडं, डोंगरकडा गावी, गेली होती. लेक बाळंत झाली होती. "म्हैनाभरात येते," म्हणाली होती. ती लेकीकडंच राहिली. आखाड्याला कडी लागली.

वर्षश्राद्धाला सूर्यकांतराव आले. रस्त्यावर उभे राहून त्यांनी भिंतीकडं बराच वेळ पाहिलं.

"दादांनी ही भिंत बंद का ठेवली होती, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"आता माझ्याकडं कागद घेऊन कोण येणार आहे, भावजी?"

जेवताना त्यांनी कढीची तारीफ केली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेले. पुढच्या वर्षीपासून मनिऑर्डर येई, ते स्वतः येत नसत.

ओट्यावर पहिले कितीतरी महिने कुणी बसलं नाही. गावातल्यांना ते विधवेचं दार होतं. बाजाराला निघताना तिथं कोण टेकणार? गंगूताई रोज ओटा झाडी, आठवड्याला सारवी, खिडकीत पाण्याचा तांब्या ठेवी आणि संध्याकाळी तो भरलेलाच आत घेई. कधी एखादी शेळी ओट्यावर चढे. ती तिला हाकलत नसे.

शेवटी बसल्या त्या परक्या गावच्या बायका. तांड्यावरची पेमा म्हणून एक लमाणीण डोक्यावर मोळी घेऊन आली, ओटा पाहिला, मोळी टेकवली आणि न विचारता तांब्या तोंडाला लावला. तिला कुणाचं घर, कुणाचं दार, काही माहीत नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिच्याबरोबर आणखी दोघी आल्या. मग हळदीच्या गाड्यांवरचे गडी थांबू लागले. परके बसतात म्हटल्यावर हळूहळू गावातलेही टेकू लागले. साल-दोन सालांत तो ओटा वाटेवरचा झाला.

गंगूताई आतल्या बाजूनं खिडकीशी बसून ऐके. आता गोष्टी पुऱ्या ऐकू येत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा बैल गेला, कुणाची सून गुणाची निघाली. पण बसणारी माणसं रस्त्याकडं तोंड करून बसत. तिला त्यांच्या पाठी दिसत, मुंडासी दिसत, केसांचे अंबाडे दिसत. कुणी वळून आत पाहिलंच तर चटकन पदर सावरून उठे. तिला कधी एखादं वाक्य सुचे, ओठांपर्यंत येई, आणि तेवढ्यात ती माणसं उठून चालू लागत.

एकदा बाजाराच्या दिवशी, थंडी सरता सरता, ती देवळातून परत येत होती. आदल्या दिवशी एकादशीचा उपास झालेला, डोळ्यांपुढं जरा अंधारी आली. बोळाच्या तोंडापर्यंत पाय ओढत आली आणि थांबली. ओटा माणसांनी भरला होता. कडेला एक म्हातारा शेतकरी तंबाखू मळत बसला होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि सरकला.

"बसा माय, जागा हाय."

गंगूताई बसली. एवढ्या वर्षांत ती त्या ओट्यावर कधी बसली नव्हती. सारवताना हात फिरला होता, पण बसणं झालं नव्हतं. पाय जमिनीला नीट टेकले.

"लांबून आल्या?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही, इथलीच."

"बरं केलं हाय कुनीतरी हे," तो ओट्यावर थाप मारत म्हणाला. "पयलं कुरुंद्यापस्तोर कुटं टेकायला जागा न्हवती."

ती 'हो' म्हणाली. मग त्यानं आपल्या सुनेची गोष्ट काढली. ती माहेरी जाऊन बसली होती, आणि चूक मुलाचीच होती, असं त्याचं म्हणणं होतं. गंगूताईनं दोन-तीन प्रश्न विचारले. म्हाताऱ्यानं खरी खरी उत्तरं दिली. तिनं म्हटलं, "तुम्ही स्वतः जाऊन आणा तिला. मुलाला पाठवू नका." तो म्हणाला, "खरं हाय तुमचं," आणि पागोटं सारखं करून उठला.

म्हाताऱ्याची बैलगाडी वळणाआड जाईपर्यंत ती बसून राहिली. हळूहळू बाकीचेही उठले. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, रस्ता रिकामा झाला. घरात ठेवलेलं दूध तापवायचं राहिलं होतं, म्हणून ती उठली आणि बोळातून आत गेली.